जुने कर्ज, नवे खत : मराठी कलाकृतींतील ऋणचित्रणाची समीक्षा

प्रस्तावना

मराठीत ‘पत’ हा शब्द अब्रू आणि उधार मिळण्याची पात्रता या दोन्ही अर्थांनी वापरला जातो. ज्याची पत गेली त्याला बाजारात उधार मिळत नाही, आणि ज्याला उधार मिळत नाही त्याची गावात पत राहत नाही. या दुहेरी अर्थामुळे कर्ज हा विषय मराठी समाजात केवळ अर्थव्यवहाराचा कधीच राहिला नाही. तो घराण्याच्या नावाशी, लग्नकार्याशी आणि जमिनीच्या मालकीशी जोडलेला राहिला. साहजिकच एकोणिसाव्या शतकापासून मराठी गद्यात, कादंबरीत आणि चित्रपटात कर्जबाजारी माणूस सातत्याने आढळतो.

या ऋणचित्रणात एका प्रश्नाकडे मात्र समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. एक कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढणे, किंवा अनेक देणी एकत्र करून त्यांचे एकच नवे देणे करणे, ही क्रिया कलाकृतीत कशी येते? पत बिघडलेल्या माणसाला हा मार्ग सुटकेचा ठरतो की नव्या बंधनाचा? ‘शेतकऱ्याचा असूड’, ‘सावकारी पाश’, ‘बारोमास’ आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ या चार कलाकृतींच्या आधारे या प्रश्नाची चर्चा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न केवळ ग्रंथालयातील नाही. पेण तालुक्यातील कासू हे गाव पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरील स्थानक असून मुंबई-गोवा महामार्गालगत आहे. एका बाजूस भातशेती व खाडीकाठची खारजमीन, दुसऱ्या बाजूस नागोठणे आणि डोलवी येथील मोठे कारखाने अशा पट्ट्यात ते वसले आहे. या पट्ट्यातील एखाद्या कुटुंबावर सोसायटीचे पीककर्ज, सोनेतारण, बचत गटाचा हप्ता आणि पगारदार मुलाच्या क्रेडिट कार्डाची थकबाकी अशी चार प्रकारची देणी एकाच वेळी असू शकतात. ‘सगळी देणी एकत्र करून एकच हप्ता भरा’ हा सल्ला अशा घराला आज सहज मिळतो. तो ऐकताना आपल्या साहित्याने कोणती समज पुरविली आहे, हे तपासणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : खत बदलण्याची रीत

कर्जांचे एकत्रीकरण ही कल्पना नवी नाही. तिचे जुने मराठी रूप म्हणजे ‘खत बदलणे’ होय. हिंदू धर्मशास्त्रातून आलेला दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातील न्यायालये मानीत असत. या नियमानुसार एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू शकत नसे. ऋणकोच्या बाजूने असलेला हा बांध ओलांडण्याचा मार्ग सोपा होता. साचलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहून घेतले, की काल जे व्याज होते ते आज मुद्दल ठरे आणि दामदुपटीची मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू होई.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने या रीतीला अधिक वेग दिला. जुन्या खतांवर कायमचे दावे चालू नयेत, हा त्या कायद्याचा हेतू होता. प्रत्यक्षात मुदत संपण्याच्या भीतीने सावकार दर काही वर्षांनी नवे खत लिहून घेऊ लागले आणि प्रत्येक वेळी व्याजाचा थर मुद्दलावर चढू लागला. संरक्षणासाठी केलेला कायदाच भार वाढविणारा ठरला.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांचा रोख मुख्यतः खतांवर आणि रोख्यांवर होता, हे या संदर्भात अर्थपूर्ण आहे. जाळावयाचा होता तो कागद. त्या कागदातील आकडा कसा वाढला हे निरक्षर कुळाला सांगता येत नव्हते. परंतु तो आकडा आपण घेतलेल्या रकमेचा नाही, हे त्याला पक्के ठाऊक होते. ‘कूळ’ हा शब्द जमीन कसणारा आणि सावकाराचा देणेकरी या दोन्ही अर्थांनी रूढ होता, ही बाबही येथे लक्षात घ्यावी.

या दंग्यांनंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. प्रारंभी तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू होता. शेवटच्या खतावर न थांबता व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार त्याने न्यायालयास दिला. मुद्दल आणि व्याज यांचे हिशेब वेगळे ठेवावेत आणि व्याजाचे मुद्दल झालेले असल्यास ते मुद्दलात धरू नये, ही त्यातील दृष्टी होती. कर्जाच्या कोणत्याही कथेला लावता येईल असा निकष या कायद्याने नकळत दिला. तो असा : सांगणारा शेवटच्या खतावर थांबतो, की पहिल्या खतापर्यंत मागे जातो?

‘शेतकऱ्याचा असूड’ : हिशेबाचा विस्तार

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेला ‘शेतकऱ्याचा असूड’ या निकषावर सर्वांत समर्थ ठरतो. कलेक्टरच्या तळावरून निराश होऊन परतणारा, स्वतःशीच बोलणारा शेतकरी त्यात उभा केला आहे. त्याच्या त्या बोलण्यात घरची माणसे, बैल, सारा, सावकार आणि न्यायकचेरी एकामागून एक येतात. बाह्यतः ते एका त्रस्त माणसाचे पुटपुटणे आहे; वस्तुतः तो एका कुटुंबाचा ताळेबंद आहे.

फुले यांचे वेगळेपण कर्जाच्या कारणांची साखळी मागे नेण्यात आहे. सावकारापाशी थांबले असते तर त्यांना एक सोपा खलनायक मिळाला असता. त्यांनी सावकाराला मोकळे सोडलेले नाही. पण त्याच्या मागे उभा असलेला वाढीव सारा, कचेरीतील लाच, धर्मविधींचा खर्च आणि अविद्या यांनाही त्यांनी त्याच हिशेबात घेतले. कर्ज का फुगले याचे उत्तर त्यांनी ऋणकोच्या उधळेपणात शोधले नाही. लग्नकार्यात शेतकरी पैसा उडवितो, हा आक्षेप त्या काळी सरसकट घेतला जाई. फुले यांचे गद्य त्या आक्षेपाला आकड्यांनी आणि घरातील प्रत्यक्ष स्थितीच्या वर्णनाने उत्तर देते. शैली प्रक्षोभक असली, तरी तिच्या बुडाशी जमाखर्चाची शिस्त आहे. या ग्रंथाचे वाङ्मयीन मोल सांगताना त्यातील आवेशाचा उल्लेख नेहमी होतो. त्यातील हिशेबाचा उल्लेखही तितकाच व्हावयास हवा.

या ग्रंथाची मर्यादाही नोंदविणे आवश्यक आहे. त्यातील धनको बव्हंशी जातीच्या नावाने ओळखला जातो. तत्कालीन वास्तवात त्याला आधार होता. तथापि पुढील शंभर वर्षे मराठी कथेत आणि रंगभूमीवर सावकार हा परप्रांतीय, टोपी घातलेला, हिशेबाची वही काखेत मारलेला असा ठोकळा बनून गेला. चेहरा ठळक झाला तसतशी यंत्रणा धूसर होत गेली. कोकणात तर जमिनीचा धनी आणि येणेदार ही दोन्ही रूपे पुष्कळदा एकाच खोताच्या ठायी होती. अलिबाग तालुक्यात २७ ऑक्टोबर १९३३ पासून नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेला चरीचा संप हा अशा स्थानिक, स्वभाषिक धन्याविरुद्धचा लढा होता. ठोकळेबाज सावकाराच्या चित्रात या वास्तवाला जागा मिळत नाही.

‘सावकारी पाश’ : चेहऱ्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

नारायण हरी आपटे यांच्या कथेवर बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. १९३६ मध्ये तो त्यांनी बोलपटाच्या रूपात पुन्हा केला. पौराणिक चित्रपटांचे प्राबल्य असलेल्या काळात कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कथा पडद्यावर आणणे, हे मोठे धाडस होते. मूकपटातील तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. सावकाराच्या कारस्थानाने जमीन गमावलेला हा शेतकरी शेवटी शहरात जाऊन गिरणीकामगार होतो.

या चित्रपटाचे महत्त्व वास्तवदर्शी सामाजिक चित्रपटाचा पाया घालणारी कृती म्हणून सर्वमान्य आहे. प्रस्तुत निकषावर मात्र त्याचे मूल्यमापन काहीसे वेगळे होते. ‘पाश’ ही प्रतिमा प्रभावी आहे. पण ती एका फेकीत गळ्यात पडणाऱ्या दोरीची प्रतिमा आहे. वास्तवातील कर्ज असे एका क्षणी पडत नाही. ते दर हंगामाला, दर खताला एकेक पीळ घेत जाते आणि पुष्कळदा ऋणकोच्या संमतीने घेते, कारण नवे खत लिहून दिल्याने त्या दिवसापुरता तगादा थांबतो. फसवणुकीवर उभारलेले कथानक या संमतीचे स्पष्टीकरण देऊ शकत नाही. खोट्या कागदाने जमीन गेली तर अन्याय उघड असतो; खऱ्या कागदाने, स्वतःच्या अंगठ्याने जमीन गेली तर काय म्हणावे, हा अधिक अवघड प्रश्न शिल्लक राहतो.

शेतकऱ्याला शहरात नेऊन या कृतीने एक मोठी गोष्ट साधली आहे. कर्जामुळे माणूस व्यवसाय बदलतो, गाव बदलतो, पण देणेकरीपणाची सवय त्याच्या पाठोपाठ जाते, या दिशेने विचार करण्याची वाट तिने मोकळी केली. पुढील मराठी कलाकृतींनी ती फारशी चोखाळली नाही, हे दुर्दैव होय.

‘बारोमास’ आणि ‘गाभ्रीचा पाऊस’ : पुन्हा काढलेले कर्ज

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ या कादंबरीस २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. उच्चशिक्षित असूनही नोकरीविना शेतीत राहिलेला एकनाथ तनपुरे आणि त्याचे कुटुंब हा तिचा विषय आहे. येथे एकमेव खलनायक नाही. शेतीचा वाढता खर्च, शेतमालाचा पडता भाव, नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा आणि घरातील कलह यांनी मिळून हे कुटुंब खचत जाते. देण्याचे एकच एक मूळ नसून अनेक मुळे आहेत, ही जाणीव मराठी कादंबरीत इतक्या विस्ताराने क्वचितच आली आहे. शिक्षणाने माणसाची ऐपत वाढते, हा फुले यांच्या विचारातील आशेचा धागा येथे तुटताना दिसतो. एकनाथला हिशेब कळतो. पण हिशेब कळल्याने तो सुटत नाही.

सतीश मन्वर दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ चा चित्रपट याच वास्तवाकडे वेगळ्या अंगाने पाहतो. विदर्भातील किसना या शेतकऱ्याने आत्महत्या करू नये म्हणून त्याची पत्नी त्याला जपत राहते. पाऊस दगा देतो, पेरणी वाया जाते आणि पुन्हा पेरणी करावी लागते. दुबार पेरणी म्हणजे पहिले देणे न फिटता त्यावर दुसरे काढणे होय. चित्रपटाने हा आवर्ताचा अनुभव काळ्या विनोदाच्या आधारे मांडला आहे, आणि त्यामुळे करुणा भाबडी झालेली नाही. प्रत्येक नवे कर्ज शेवटचे वाटते, कारण त्यामागे या खेपेच्या पावसाची आशा असते. ‘सावकारी पाश’ला न सापडलेले संमतीचे स्पष्टीकरण येथे मिळते : माणूस दुसऱ्यांदा सही करतो ती मूर्खपणाने करीत नाही, पेरणी सोडून देणे त्याला शक्य नसते म्हणून करतो.

आजचे खत : कार्डाची थकबाकी आणि पतगुण

या परंपरेपुढे आज एक नवा ऋणको उभा आहे. १९२५ च्या गिरणीकामगाराचा तो वारस म्हणता येईल. त्याच्यापाशी जमीन नसेल, पण पगार आहे, आणि पगाराच्या आधारावर मिळालेले कार्ड आहे. त्याचा धनको त्याला कधीही भेटत नाही. सिबिल ही पतमाहिती संस्था २००० मध्ये स्थापन झाली. पतमाहिती संस्थांविषयीचा कायदा २००५ मध्ये झाला. ३०० ते ९०० यांमधील एक आकडा आता माणसाची पत सांगतो. गावात पत गेली तर ती का गेली हे चारचौघांना ठाऊक असे, आणि आजारपण किंवा नापिकी हे कारण मानले जाई. पतगुण हप्ता चुकल्याची नोंद ठेवतो. आजारपणाची ठेवत नाही.

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज आकारले जाणे ही नित्याची बाब आहे. समजा एक लाख रुपयांची थकबाकी आहे आणि ऋणको त्यातील पाच टक्के, म्हणजे ५,००० रुपये भरतो. त्यातील ३,५०० रुपये व्याजात आणि ६३० रुपये व्याजावरील १८ टक्के करात जातात. मुद्दल फिटते ते केवळ ८७० रुपयांचे. काहीच न भरता हेच व्याज मुद्दलात मिळत गेले, तर सुमारे वीस महिन्यांत रक्कम दुप्पट होते. दामदुपटीचा जुना बांध या वेगापुढे किती महत्त्वाचा होता, हे यावरून ध्यानी येते. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज अनुचित ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत न भरलेले शुल्क व कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज आकारण्यास मनाई केली. १८७९ च्या कायद्यातील दृष्टीचा हा दूरचा पडसाद आहे.

अशा ऋणकोला देणी एकत्र करण्याचा सल्ला चुकीचा असतोच असे नाही. दरसाल ४२ टक्क्यांचे देणे २४ टक्क्यांच्या कर्जाने फेडले तर भार हलका होतो. मात्र पत बिघडलेल्या माणसाला मिळणाऱ्या नव्या खताच्या अटी त्याने मागे जाऊन तपासल्या पाहिजेत. एक लाखाचे कर्ज २४ टक्के दराने दोन वर्षांत फेडल्यास मासिक हप्ता सुमारे ५,२८७ रुपये आणि एकूण व्याज सुमारे २६,९०० रुपये होते. तेच पाच वर्षांवर नेल्यास हप्ता २,८७७ रुपयांवर येतो. व्याज मात्र ७२,६०० रुपयांच्या घरात जाते. कमी हप्ता म्हणजे कमी कर्ज, हा समज खत बदलून तगादा थांबविणाऱ्या कुळाच्या समजाहून वेगळा नाही.

दुसरा धोका तारणाचा आहे. कार्डाचे देणे विनातारण असते. पतगुण कमी असल्याने विनातारण कर्ज नाकारले गेले, की घरातील सोने किंवा घरच तारण ठेवून ते फेडण्याचा मार्ग सुचविला जातो. ज्या देण्यासाठी घर जाण्याची भीती नव्हती, त्याच्यासाठी आता घर पणाला लागते. तिसरी गोष्ट तडजोडीची. काही रक्कम सोडून देऊन खाते मिटविले गेल्यास पतअहवालात ते पूर्ण फेडलेले न दिसता तडजोडीने मिटविलेले दिसते, आणि पुढील कर्जाच्या वेळी ती नोंद आड येते. तरीही वाढत्या व्याजाखाली दबून जाण्यापेक्षा ही नोंद सोसणे कित्येकदा हितावह असते. प्रत्येकाला वर्षातून एकदा आपला पूर्ण पतअहवाल पतमाहिती संस्थेकडून विनामूल्य मिळू शकतो; कार्ड देणाऱ्या बँकेकडे थकबाकी हप्त्यांत बदलून मागता येते. पहिल्या खतापर्यंत मागे जाण्याची ही आजची साधने आहेत.

खऱ्या अर्थाने ऋणकोच्या बाजूचे एकत्रीकरणही मुंबई राज्याच्या इतिहासात होऊन गेले आहे. १९३९ च्या आणि पुढे १९४७ च्या शेतकरी कर्जनिवारण कायद्यांनी सर्व धनकोंची येणी एकत्र घेऊन, व्यवहाराचा मागील हिशेब पाहून, ऋणकोच्या फेडीच्या कुवतीनुसार ती ठरवून देण्याची योजना केली. भूविकास बँकांचा आरंभही जुनी देणी फेडण्यासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज देण्यातून झाला. या प्रयत्नांचे यश मर्यादित होते. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत सहकारी संस्थांचा वाटा सुमारे तीन टक्केच आढळला. तथापि एकत्रीकरण म्हणजे कुवतीचा विचार, हे तत्त्व त्यांनी मांडले. मराठी कथेने या कर्जनिवारण मंडळांकडे जवळजवळ पाहिलेच नाही, ही उणीव नोंदवावी लागते.

पतीचा प्रश्न एकतर्फी नसतो, हेही पेण परिसराने अनुभवले आहे. सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. ऋणकोच्या पतीला तीन अंकी गुण मिळतो; ज्या संस्थेत कष्टाची ठेव ठेवली तिची पत सामान्य ठेवीदाराला अशी एका आकड्यात कोणी दाखवीत नाही. घरची शिल्लक अशा रीतीने अडकली, की निकडीच्या खर्चासाठी महागड्या कर्जाकडे वळावे लागते. कर्जबाजारी माणसाला उधळ्या ठरविण्यापूर्वी या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. मराठी कलाकृतींनी ऋणकोचे दुःख समर्थपणे रंगविले, परंतु कर्ज वाढण्याची क्रिया फार थोड्यांनी दाखविली. ‘शेतकऱ्याचा असूड’ने कारणांची साखळी मागे नेली. ‘सावकारी पाश’ने धनकोला चेहरा दिला, पण पिळाची कथा त्यातून निसटली. ‘बारोमास’ने देण्याची अनेक मुळे उकलली, तर ‘गाभ्रीचा पाऊस’ने पुन्हा कर्ज काढणाऱ्याच्या मनाला न्याय दिला.

आता उणीव आहे ती पगारदार, निमशहरी ऋणकोच्या कथेची. कासूच्या स्थानकावर सकाळच्या गाडीची वाट पाहणाऱ्या तरुणाच्या खिशातील कार्ड हे शंभर वर्षांपूर्वीच्या खताचेच वंशज आहे. फरक इतकाच, की ते जाळता येत नाही आणि त्याचा लिहिणारा दिसत नाही. त्याची थकबाकी घरात सांगितली जात नाही, कारण पत म्हणजे अब्रू हा अर्थ आजही जिवंत आहे. ही लाज त्याला एकटे पाडते, आणि एकटा माणूस समोर येईल त्या नव्या खतावर सही करतो. ही कथा लिहिणाऱ्या लेखकाला खलनायक सापडणार नाही. त्याला व्याजाचे कोष्टक वाचावे लागेल. फुले यांनी साऱ्याचे आणि सावकाराचे आकडे गद्यात आणून जे केले, ते हप्त्याच्या आणि पतगुणाच्या आकड्यांबाबत करण्याचे काम मराठी साहित्यापुढे आहे.